रविवारी नेपल्स

माझी आत्या तेरच्या जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती. दर वर्षी चौथीच्या मुलांची रांग लावून ती त्यांना गावातल्या लामतुरे संग्रहालयात न्यायची. तिथल्या लहानशा हस्तिदंती बाहुलीसमोर उभं करून सांगायची, "हिची एक बहीण इटलीत आहे. पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, १९३८ साली." ही बहीण आत्याने स्वतः कधी पाहिली नव्हती. गेल्या वर्षी तिला एकाहत्तरावं लागलं, दोन्ही गुडघ्यांची झीज पुढे सरकली, आणि एका रात्री तिने फोनवर विचारलं, "मला एकदा नेपल्सला नेशील का?"

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. परदेश प्रवासाला हात सैल सोडता येईल अशी मिळकत नाही. मुंबईहून निघणाऱ्या युरोपच्या टूरची पत्रकं चाळली. बाराव्या दिवसापर्यंत रोज सकाळी सहाला बॅग दाराबाहेर, दिवसभर बस, आणि नेपल्स कुठेच नाही. आपापलं जावं तर जिने, स्टेशनं, हातात सामान. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने भूमध्य समुद्रातल्या स्वस्त क्रूझचं सुचवलं. एकदा केबिनमध्ये बॅग रिकामी केली की आठवडाभर पुन्हा भरायची नाही, गावं आपल्याकडे चालत येतात, हा तिचा मुद्दा गुडघ्यांच्या दृष्टीने मला लगेच पटला. मार्ग होता जेनोवा, नेपल्स, पालेर्मो, माल्टामधलं व्हॅलेटा, एक दिवस नुसता समुद्र, बार्सिलोना, मार्सेय आणि परत जेनोवा. सात रात्री.

सगळ्यात स्वस्त बोट मी जवळपास नक्की करून टाकली होती. पैसे भरायच्या आदल्या दिवशी आत्याने विचारलं, "नेपल्सला कुठल्या वारी पोचते?" मंगळवारी. आणि नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. दुसऱ्या कंपनीची शनिवारी सुटणारी बोट माणशी साठ युरोंनी महाग होती, पण ती रविवारी दुपारी एकला नेपल्सला लागत होती. आम्ही ती घेतली. ज्या एका गोष्टीसाठी आपण निघतोय, ती त्या दिवशी, त्या तासांत उघडी आहे का हे आधी बघायचं आणि मगच पैसे भरायचे, हे मला आत्याने शिकवलं.

व्हिसाचे माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. आमचे चारही देश शेंगेनमधले होते. वाटेत ट्युनिस असतं तर शेंगेनबाहेर जाऊन परत आत यावं लागलं असतं, आणि त्यासाठी एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागला असता. स्वस्त बोटींच्या मार्गांत ट्युनिस बरेचदा असतं, म्हणून हे लिहून ठेवते.

आता दराबद्दल. जाहिरातीत माणशी ४५९ युरो होते, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचे. त्यावर बंदरांचे कर १४०. बोटीवर चढल्यावर कळलं, की सेवाशुल्क रोज १२ युरो, म्हणजे आठवड्याचे ८४. बफेमध्ये पाणी फुकट, पण रात्रीच्या जेवणाला टेबलावर बाटली मागवली की तिचे पाच युरो. मार्सेयला धक्क्यापासून गावात नेणाऱ्या बसचे १६. सगळं धरून माणशी ७०९ झाले. विमानाचं भाडं वेगळं. आत्याच्या वहीत हे सगळं टिपलेलं आहे. ४५९ हा आकडा दाखवून ७०९ घेणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पण खोली, तिन्ही त्रिकाळ जेवण आणि चार देशांचा प्रवास दिवसाला शंभरेक युरोंत झाला, हेही खरं. तेवढ्या पैशांत बार्सिलोनाला दोघींना बरी खोली आणि दोन वेळचं जेवण मिळतं का, हे मी शोधून पाहिलं होतं. मिळत नव्हतं.

केबिन इतकी लहान, की एकीने केस विंचरले की दुसरीने पलंगावर बसायचं. पण जागेपेक्षा अंधाराचा त्रास जास्त झाला. दिवा मालवला की बाहेर मध्यरात्र आहे की सकाळचे नऊ, काही समजेना. दुसऱ्या रात्री आत्याने टीव्हीवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनल शोधला आणि आवाज बंद करून रात्रभर तो चालू ठेवला. पहाटे पडदा हळूहळू राखाडी होई, मग निळा. तीच आमची खिडकी झाली. बोट हलते म्हणून खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन मागून घेतली होती. तो निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

नेपल्सला बोट शहराच्या अंगणातच लागते. उतरलं की समोर किल्ला आणि पाच-सात मिनिटांवर मेट्रोचं म्युनिचिपिओ स्टेशन. बोटीवरच्या लोकांना पॉम्पेईची सहल विकत होते, माणशी सत्तर युरो. ज्यांना ते उत्खनन बघायचंय त्यांनी लोकल गाडीनेही जावं, पाऊण तासाच्या आत पोचते. मात्र एक गोष्ट त्यात आहे. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, आपापल्या गेलेल्यांसाठी थांबत नाही. साडेसातच्या आत बोटीवर यायचं होतं. मी दोन घड्याळं लावून निघाले होते.

म्युझेओ हे तिथून तिसरंच स्टेशन. आत संगमरवरी पुतळ्यांची भव्य दालनं होती. आत्याने त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं, पण पाय थांबवले नाहीत. लिफ्टने वर गेलो. पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तू एका वेगळ्या कक्षात ठेवल्या आहेत, आम्ही गेलो तेव्हा ती बहीण तिथे होती. काचेमागे, वीतभराहून थोडी उंच. अंगावर दागिन्यांखेरीज जवळपास काही नाही, एक पाय दुसऱ्यावरून वळवलेला, हात मानेमागून दागिन्याकडे गेलेला, दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या चिमुकल्या दासी. लोक तिला लक्ष्मी म्हणतात, ती यक्षी असावी असंही म्हणतात. डोक्यावरच्या भोकामुळे कुणी तिला आरशाची मूठ ठरवतं, कुणी आसनाचा पाय.

आत्या काचेपासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि कितीतरी वेळ बोलली नाही. मग हळू आवाजात, चौथीच्या वर्गाला सांगावं तसं मला सांगायला लागली. पहिल्यांदा ही मथुरेची असावी असं वाटलं होतं. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला अशाच मूर्ती मिळाल्या, तेव्हा पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ही तिथली असावी असं मांडलं. तेरची बाहुलीही याच घडणीची. तेर म्हणजे जुनं तगर. तिथला आणि पैठणचा माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरावर जायचा, हे पेरिप्लस या समुद्री व्यापारावरच्या प्राचीन ग्रंथात आलेलं आहे. तिथून गलबतं तांबड्या समुद्राकडे, मग इजिप्त, मग या समुद्रातून इटली. "म्हणजे हीसुद्धा बोटीनेच आली," आत्या म्हणाली, "आणि पोचल्यावर किती दिवस मिळाले असतील कोण जाणे. ७९ साली ज्वालामुखी फुटला."

तिने फोटो काढू दिला नाही आधी. "बघून घेऊ दे." पाऊण तासाने स्वतःच म्हणाली, "आता काढ. काचेत मी दिसले तरी चालेल." परत येताना तोलेदो स्टेशनची निळी मोझेकची छतं बघायला एक गाडी सोडली आणि साडेसहाला धक्क्यावर होतो. नेपल्समध्ये बाकी आम्ही काही पाहिलं नाही. सात तासांच्या मुक्कामात एकच ठिकाण ठरवून जाणं मला आजही बरोबर वाटतं. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसणारं एक जोडपं त्याच वेळात पॉम्पेई, किल्ला आणि पिझ्झा उरकून आलं होतं. बोलताना त्यांना कुठलं काय ते आठवत नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा बघून मला वाईट वाटलं.

पालेर्मोला बाजारात एका हातगाडीवर पिवळे चौकोनी तुकडे तळत होते. पानेल्ले. हरभऱ्याचं पीठ शिजवून घट्ट करायचं, पसरायचं, कापायचं, तळायचं, आणि पावात घालून द्यायचं. आत्याने एक तुकडा तोडला. "ही पाटवडीच की. फोडणी नाही इतकंच." आम्ही शाकाहारी, त्यामुळे बोटीवर पास्ता, पिझ्झा, सॅलड आणि पुन्हा पास्ता असं चाललं होतं. त्या पाटवडीने तोंडाला चव आली. पुढे मार्सेयला तीच वस्तू पानिस नावाने भेटली आणि जेनोवाला फारिनाता म्हणून, भट्टीत भाजलेल्या जाड धिरड्यासारखी. तीन बंदरं, तिन्हीकडे बेसन. युरोपात शाकाहाऱ्यांचे हाल होतात असं ज्यांनी सांगितलं, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

व्हॅलेटाला पहाटे बोट बंदरात शिरते तेव्हा वर डेकवर असावं. दोन्हीकडे मधाच्या रंगाच्या दगडी तटबंद्या जवळ येत जातात. वर जायला ५८ मीटरची लिफ्ट आहे, त्यामुळे दुपारी बाराला वरच्या बागेत तोफ उडते तेव्हा आत्या तिथे हजर होती.

समुद्रावरचा पूर्ण दिवस मला जड गेला. पोहण्याच्या तळ्याभोवती खुर्च्यांवर सकाळीच टॉवेल टाकून लोक जागा धरून ठेवतात, गाण्यांचा आवाज, आणि दर दहा पावलांवर फोटो, मसाज, घड्याळं विकणारं कुणीतरी. आत्याला मात्र तो दिवस सर्वांत आवडला. ती मागच्या डेकवर, आवाजापासून लांब, दुपारपर्यंत बसून राहिली. मराठवाड्यात जन्म गेलेली बाई. एवढं पाणी, आणि कुठेच काठ नाही, असं ती दोनदा म्हणाली.

तिथेच तिची एका मुलाशी ओळख झाली. तो बफेमधल्या टेबलांवरून प्लेटा उचलायचा. आमचं बोलणं ऐकून थबकला. "आजी, चाय व्हयी काय?" गाव विचारल्यावर म्हणाला, "कुडाळकडचो." गोव्याचे तारवटी पिढ्यानपिढ्या बोटींवर जातात, तसेच आता सिंधुदुर्गातलेही. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, रोज दहा तास काम. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे खलाशाला आठवड्यात ७२ तासांपर्यंत काम देता येतं, म्हणजे यात बेकायदा काही नाही. आत्याने त्याला नेपल्सचा फोटो दाखवला. "दर आठवड्याक येतंय," तो म्हणाला, "पण शहर काय बघूक नाय." उतरायला मिळालंच तर तास-दोन तास, आणि त्यात घरी फोन.

तेव्हापासून स्वस्त या शब्दाचा मी निराळा विचार करायला लागले. दिवसाला शंभर युरो हे कुणाच्या तरी न मिळालेल्या रविवारांवर उभे आहेत. आमच्या सेवाशुल्कातलं त्याच्यापर्यंत किती पोचतं, हे मी विचारलं, त्याने हसून विषय बदलला. आत्याने शेवटच्या दिवशी पाकीट हातात दिलं. मी तिला म्हटलं, की आपण हे आधीच खर्चात धरायला हवं होतं.

बार्सिलोनाला धक्क्यावर आमच्यासारख्याच अजून चार बोटी उभ्या होत्या. पंधरा-वीस हजार माणसं एका सकाळी उतरली असतील, आणि संध्याकाळी जेवायला आपापल्या बोटीवर परत. आम्ही शहराला दिलं काय, तर दोन कॉफ्या आणि साग्रादा फामिलियाची आधी काढलेली तिकिटं. एका गल्लीत पर्यटकांनी परत जावं अशा अर्थाचं भिंतीवर लिहिलं होतं. तिथल्या महापालिकेने आणि बंदराने क्रूझची टर्मिनल्स २०३० पर्यंत सातवरून पाचवर आणायचं ठरवलंय, आणि तिथे राहणाऱ्यांचा विचार केला तर मला ते योग्य वाटतं. धूर तरी कमी झाला आहे. १ मे २०२५ पासून या समुद्रात जहाजाच्या इंधनात ०.१ टक्क्याहून जास्त गंधक चालत नाही.

त्या रात्री लायनच्या आखातात मिस्त्राल वारा सुटला. बोट करकरत होती, कपाटाचं दार आपोआप उघडत-मिटत होतं. खालच्या, मधल्या केबिनमुळे आम्ही निभावलो. वरच्या मजल्यावरचं ते जोडपं सकाळी पांढरंफटक दिसत होतं. पहाटे आत्याने मला उठवलं. "मार्सेय येतंय, वर चल." डेकवर बोचरी थंडी होती. सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीच्या गवाक्षातून इथेच उडी टाकली, हे ती शाळेत शिकवत आली होती. ती कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघत राहिली. "पुस्तकात हे एका ओळीचं असतं गं," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "किती खोल दिसतं."

जेनोवाला शनिवारी सकाळी उतरवलं. केबिन आठच्या आत रिकामी करायची, कारण दुपारी नवे प्रवासी चढतात. मला कुणी विचारलं तर मी गुडघे दुखणाऱ्यांना, समुद्र न पाहिलेल्यांना जा म्हणेन, आणि शहरं जगायची असतील त्यांना नको म्हणेन. माझं स्वतःचं मन पालेर्मोत अर्धंच राहिलंय. तिथे मला चार दिवस हवे होते.

विमान दुसऱ्या दिवशी मिलानहून होतं, म्हणून एक रात्र स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात काढली. संध्याकाळी फारिनाता कागदात बांधून घेऊन चढावरच्या बाकावर बसलो होतो. खालून भोंगा ऐकू आला. आमची बोट धक्क्यापासून सुटत होती, सगळे दिवे लावून. कुडाळचा मुलगा आत कुठेतरी प्लेटा मांडत असणार. आत्याने बोटाला लागलेलं तेल रुमालाला पुसलं.

"उद्या दुपारी एकला नेपल्स," ती म्हणाली. "रविवार आहे. उघडं असेल."