बेटावरची खोली आणि आमची हिशेबाची वही

परगावी जायचे म्हटले की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो, "तिथे आपले कोण आहे?" नागपूरला मावशी, नाशिकला चुलते, मुंबईला तर निम्मे गाव. रात्री सतरंजी टाकायची, पिठलं-भाकर खायची आणि गप्पा मारत झोपायचे. पैसे देऊन खोली घेणे ही आपल्यात अजूनही उधळपट्टीच समजली जाते. आम्ही उभयतांनी आयुष्यभर असाच प्रवास केला. पण यंदा आमच्या मनात जे गाव भरले होते तिथे आपले कोणीच नाही. ते ग्रीस देशात, एजियन समुद्रातल्या एका बेटावर आहे. तेव्हा खोली घेणे आले, आणि ती आमच्या ऐपतीत घेणे आले. कशी घेतली ते लिहितो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

ग्रीसच का, असे सगळेच विचारतात. आम्हां दोघांपैकी एकीने एकतीस वर्षे नगरपालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला. फळ्यावर खडूने ग्रीसचा नकाशा काढायचा, बेटांचे ठिपके द्यायचे, अथेन्सची लोकशाही समजावून सांगायची आणि शेवटी मुलांना विचारायचे, "या लोकशाहीत मत कोणाला नव्हते?" मुले एका सुरात सांगत, "गुलामांना आणि बायकांना!" दुसऱ्याने जवळपास तितकीच वर्षे एस.टी.च्या डेपोत जमाखर्च लिहिला. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून बँकेत एक खाते उघडले आणि पेन्शनीतून दरमहा त्यात काही ना काही टाकत गेलो. रक्कम जमली, आणि त्याच सुमारास बाईंचा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी सांगितले, वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागेल. तोवर सपाटीवर चाला, पायऱ्या टाळा. पैसा हाती आला तेव्हा पाय हातचे जाऊ लागले!

शस्त्रक्रिया झाल्यावर जा, असे काहींनी सुचवले. आमच्या पिढीत 'नंतर' म्हणून ठेवलेल्या गोष्टींचे काय होते ते आम्ही पुष्कळ पाहिले आहे. काही नातलगांना हा थाट वाटला. या वयात परदेशी बेटावर हॉटेलात राहायचे म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. आम्ही कोणाशी वाद घातला नाही. कोणाचे कर्ज काढायचे नव्हते, कोणाच्या तोंडचा घास काढायचा नव्हता. एकच गोष्ट पक्की होती की जागा चुकून चालणार नाही. डोंगरावरची खोली मिळाली असती तर सात दिवस खिडकीत बसून परत यावे लागले असते.

म्हणून आम्ही दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर दर न लिहिता आमच्या गरजा लिहिल्या. दारापर्यंत पाचापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. खोलीत शेगडी, चार भांडी आणि छोटा फ्रीज हवा. किराणा, बेकरी, समुद्र आणि बसथांबा दहा मिनिटांच्या चालीत हवा. व्हिसा नाकारला गेला तर खोलीचे पैसे बुडू नयेत. त्याखाली रेघ मारून लिहिले: सात रात्री, बेटावरचा दोघांचा सगळा खर्च ६०० युरो. हिशेबाला सोपे जावे म्हणून एक युरो शंभर रुपयांचा धरला, म्हणजे साठ हजार रुपये. विमानाचे आणि बोटीचे भाडे, व्हिसा आणि विमा हे वेगळ्या पानावर.

हे पान लिहिल्यावर निम्मे काम आपोआप झाले. भाच्याचा आग्रह सँटोरिनीचा होता. निळ्या घुमटांची आणि पांढऱ्या घरांची जी चित्रे कॅलेंडरावर असतात ती तिथली. पण ती गावे ज्वालामुखीच्या उभ्या कड्यावर वसलेली आहेत. फिरा गावापासून खालच्या जुन्या बंदरापर्यंत साडेपाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, आणि कड्यातल्या पुष्कळ खोल्यांनाही पायऱ्या उतरूनच जावे लागते. दर विचारण्याच्या आधीच सँटोरिनी वहीतून बाद झाले. मिकोनोस हे बेट श्रीमंतांच्या मौजेसाठी प्रसिद्ध आहे. तिथले दर पाहून आम्ही वहीचे पान उलटले.

राहिले नाक्सोस. सायक्लेडीस नावाचा जो बेटांचा समूह आहे त्यातले हे सर्वांत मोठे, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे. मोठे असल्याने तिथे शेती आहे, गुरे-मेंढ्या आहेत. तिथला बटाटा साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला आहे, चीजही तिथेच होते. जिथले लोक पाहुण्यांखेरीज स्वतःच्या मातीवरही जगतात, तिथे बाजारात भाजी मिळते आणि भाव जरा माणसात राहतात. अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून साधी मोठी बोट सुमारे पाच-साडेपाच तासांत नाक्सोसला पोचते. वेगवान बोट लवकर नेते, पण तिकीट महाग. आम्हांला घाई नाही. आम्ही साधी बोट धरली. बोट थेट मुख्य गावाला लागते. जुना गढीचा भाग टेकडीवर आहे, तिथे चढ आणि पायऱ्या आहेत. पण गावाच्या दक्षिणेला सेंट जॉर्ज नावाचा किनारा आहे. तो भाग सपाट, समुद्र उथळ, आणि गावातून पायी जाता येते. आम्ही नकाशावर तेवढ्याच भागाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

आणखी एक ओढ होती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सच्या आघाडीतून बाहेर पडण्याचे धाडस सर्वांत आधी नाक्सोसने केले, आणि अथेन्सने वेढा घालून त्याला पुन्हा जोखडाखाली आणले. हा धडा शिकवणाऱ्या बाईंना ते बेट परके वाटले नाही.

मग महिना ठरवला. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपला सुट्ट्या असतात. १५ ऑगस्टला ग्रीक लोकांचा मेरीमातेचा मोठा सण असतो आणि निम्मा देश बेटांवर उतरतो. त्या दिवसांत दर चढतात आणि मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वाराही वाहतो. नोव्हेंबरनंतर दर उतरतात, पण पुष्कळ खोल्या आणि खानावळी बंद होतात, बोटीही कमी होतात. मे महिन्यात ऊन सौम्य, पण समुद्राचे पाणी अजून गार. सप्टेंबरअखेर पाणी उन्हाळाभर तापलेले असते, गर्दी ओसरलेली असते आणि दुकाने उघडी असतात. आम्हांला शाळेची सुट्टी बघायची नव्हती. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरला.

राहण्याच्या जागांचे तिथे निरनिराळे प्रकार आहेत. हॉटेलांना तारे असतात, तर भाड्याने देण्याच्या सुसज्ज खोल्यांना सरकार चाव्यांची प्रतवारी देते, एक चावी ते चार चाव्या. या खोल्या बहुधा एखाद्या कुटुंबाच्या असतात. खाली घरमालक, वर पाहुणे, गच्चीवर सौर बंब. शेगडीची सोय अशाच ठिकाणी मिळते. एका हॉटेलात न्याहारी माणशी १० युरो होती. दोघांची सात दिवसांची १४० युरो झाली असती. त्यात आमचे जवळजवळ आठवड्याचे सारे खाणेपिणे निघते.

दर पाहताना एक कर ध्यानात ठेवावा. २०२३ साली ग्रीसमध्ये मोठे पूर आणि वणवे आले. त्यानंतर जानेवारी २०२४ पासून हवामान संकटाच्या निधीसाठी पाहुण्यांकडून कर घेतला जातो आणि २०२५ साली तो वाढवला गेला. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो एका खोलीला एका रात्रीचा असा: एक-दोन तारे असलेले हॉटेल किंवा सुसज्ज खोली २ युरो, तीन तारे ५, चार तारे १० आणि पाच तारे १५. तो माणशी नसतो, खोलीमागे असतो. सांगितलेल्या दरात तो पुष्कळदा धरलेला नसतो, तिथे गेल्यावर द्यावा लागतो. आमच्या सात रात्रींचे १४ युरो होतात. पाच ताऱ्यांच्या हॉटेलात नुसता करच १०५ युरो झाला असता.

संगणकावर पाहून आम्ही पाच जागा निवडल्या आणि पाचही ठिकाणी तीच चार वाक्ये लिहून पाठवली. खोली तळमजल्यावर आहे का? रस्त्यापासून दारापर्यंत नेमक्या किती पायऱ्या आहेत? स्वयंपाकाची सोय आहे का? बंदरावर घ्यायला कोणी येईल का? दोघांनी उत्तरच दिले नाही. एकाने 'सर्व सोयी आहेत' एवढेच कळवले. एकाने प्रामाणिकपणे सांगितले की वर चढायला २२ पायऱ्या आहेत. तिथला दर ४४ युरो होता. पाचव्या ठिकाणी घरमालकीण बाई होत्या. त्यांनी लिहिले, "तीन पायऱ्या आहेत, उजव्या हाताला कठडा आहे. माझ्याही आईचा गुडघा दुखतो." सोबत त्या तीन पायऱ्यांचा फोटो! दर ४८ युरो, आणि बंदरावर त्यांचा मुलगा गाडी घेऊन येणार, त्याचे पैसे नाहीत. रात्रीमागे ४ युरो जास्त देऊन आम्ही ती खोली घेतली. सात रात्रींचे २८ युरो जास्त गेले, ते गुडघ्याच्या खात्यावर टाकले.

तीच खोली आगाऊ पैसे भरून ४३ युरोला मिळत होती, पण रद्द केली तर पैसे परत नाहीत. इथे डेपोतला अनुभव कामी आला. ३५ युरो वाचवायला ३०१ युरो पणाला लावायचे होते, आणि व्हिसा अजून हाती नव्हता. शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस तरी आधी करावाच लागतो. म्हणून रद्द करता येईल असेच बुकिंग घेतले आणि अर्जाला तेच जोडले.

परतीच्या वेळचीही सोय पाहिली. समुद्रावर वारा फार वाढला तर बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी बेट सोडणे म्हणजे जुगार. त्यामुळे शेवटची रात्र पिरियसला ठेवली. २०२२ पासून विमानतळावरून पिरियसपर्यंत मेट्रो थेट जाते, तेव्हा सामान घेऊन गाड्या बदलण्याचा त्रासही नाही. या रात्रीचा खर्च प्रवासाच्या पानावर टाकला.

भगिनींनो, आता चुलीचे. तूप आणि पेढे घरीच ठेवा; बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. मसाल्याची आणि हळद-तिखटाची पुडी पुरे. मसूर, हरभरे, तांदूळ तिथल्या किराणा दुकानात मिळतात. ग्रीक लोक 'फावा' नावाचे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण करतात, वर कांदा आणि ऑलिव्हचे तेल. दुपारी खोलीवर वरण-भात, नाक्सोसच्या बटाट्याची भाजी. संध्याकाळी एक दिवसाआड बाहेर, असे ठरवले आहे. खानावळीत न मागता पाव आणून ठेवतात आणि त्याचे पैसे बिलात लावतात, तेव्हा नको असेल तर आधीच सांगावे. बहुतेक बेटांवर नळाचे पाणी प्यायला वापरत नाहीत, विकत घ्यावे लागते. संडासात कागद टाकायचा नसतो, नळ्या अरुंद असल्याने तो डब्यात टाकतात. आम्ही आमचा प्लॅस्टिकचा तांब्या सामानात सर्वांत आधी भरला आहे!

वहीतले शेवटचे पान असे: खोली ३३६ युरो, कर १४, खाणेपिणे १५४, बस आणि किरकोळ ४०. एकूण ५४४. उरले ५६, ते राखीव. व्हिसा आला आहे. नातलगांपैकी ज्यांना हा थाट वाटला होता त्यांनीच परवा वही मागून नेली. त्यांना कोकणात जायचे आहे. त्यांना एवढेच सांगितले की पहिले पान आमचे उतरवू नका. आपले गुडघे, आपली भूक आणि आपली झोप बघून ते स्वतः लिहा, मग दर बघा.

नाक्सोसच्या बंदरापाशी एका छोट्या खडकाळ टेकाडावर संगमरवराचा प्रचंड दरवाजा उभा आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिथे मंदिर बांधायला घेतले, ते पुरे झालेच नाही; नुसती चौकट राहिली. ते दगड ज्यांनी फोडले आणि ओढून आणले त्यांची नावे कुठे नाहीत. बाईंना त्या चौकटीला एकदा हात लावायचा आहे. वाट बंदरावरून सपाट जाते, शेवटी थोडा चढ आहे. जमला तर सावकाश चढू. नाही जमला तर बंदरावर बसून सूर्य बुडेपर्यंत ती चौकट बघू, आणि सपाट रस्त्याने चालत आमच्या तीन पायऱ्यांच्या खोलीवर जाऊ.