चार केबीची सनई

परवा काकाचा फोन आला. "अरे, यामाहा विकायला काढलाय, बघून जा." यामाहा म्हणजे त्याचा डीएक्स ७ सिंथेसायझर, ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला. मी कशाला घेऊ? जवळजवळ तोच आवाज देणारं डेक्स्ड माझ्या लॅपटॉपवर आहे, तेही फुकट! आणि १९८३ साली आलेलं ते खोकं तरी काय, सहा ऑपरेटरचं एफएम करणारा कॉम्प्युटरच की. हार्डवेअरवाल्यांपुढे आपण उगाच दबून राहू नये, असं माझं (बायकोला पाठ झालेलं) मत.

पण काकाने स्वतः बनवलेली सनई त्यात होती. मेमरी जागी ठेवणारी बॅटरी आत सोल्डर केलेली. ती गेली की सनईही गेली. म्हणून मिडी केबल लावून बत्तीसच्या बत्तीस आवाज उतरवून घेतले. फाइल केवढी? जेमतेम चार केबी!

डेक्स्डमध्ये लोड केली. काकाने माझ्या पंचवीस पट्ट्यांच्या कंट्रोलरवर सूर धरला, पट्टी अजून दाबली.. आणि थांबला.

"आवाज माझाच आहे रे. पण हलत नाही."

डीएक्स ७ वर पट्टी दाबून धरली की सूर थरथरतो. त्याला म्हणतात आफ्टरटच. माझ्या स्वस्तातल्या कंट्रोलरला ते येतच नाही. हा मुद्दा माझ्या सगळ्या वादावादीत कधी आलाच नव्हता!

असो. आता यामाहा माझ्या टेबलावर आहे. आवाज लॅपटॉपचा, पट्ट्या त्याच्या. अर्धं टेबल गेलं म्हणून बायको वैतागलीय. काका दर रविवारी सनई तपासायला येतो.