स्वराची ऊब

ध्वनिवर्धक यंत्राने मिळालेला आवाज जसाच्या तसा मोठा करावा, अशी यंत्रशास्त्राची साधी अपेक्षा असते. वाढवताना आवाजाचा आकार बदलला, तर तो दोष मानला जातो. परंतु ब्लूज-रॉक संगीतातील विद्युत गिटारचा जो स्वर रसिकांना उबदार वाटतो, तो नेमका या दोषातून जन्माला आलेला आहे.

व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरवर त्याच्या कुवतीपलीकडचा भार पडला, की स्वरलहरींचे माथे दबतात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. स्वर दाट होतो, रेंगाळतो, किंचित खरखरतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावणाऱ्याला याचे नवल वाटू नये. दोन्ही क्रिया भिन्न आहेत. पण निखळ स्वरापेक्षा झणकारणारा स्वर अधिक भरीव का वाटतो, हे त्याच्या कानाला ठाऊक असते.

या स्वराच्या मुळाशी मात्र हौस नव्हती, गरज होती. मिसिसिपीच्या मळ्यांत राबलेला मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोस आला. तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत साध्या गिटारचा आवाज बुडून जाई, म्हणून विजेची गिटार हाती घेणे भाग पडले. लहान ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजावर चालवले, की ते गुरगुरू लागत. ऐकू जाण्यासाठी केलेल्या या आटापिट्यालाच पुढे सौंदर्याची प्रतिष्ठा मिळाली.

१९६६ साली लंडनमधील वेस्ट हॅम्पस्टेड येथील डेक्काच्या स्टुडिओत जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाबरोबर एकविशीतला एरिक क्लॅप्टन वाजवीत होता. हातात दुहेरी वेटोळ्यांच्या पिकअपची गिब्सन लेस पॉल, मागे मार्शलचा ॲम्प्लिफायर. ध्वनिमुद्रणातही रंगमंचाइतकाच मोठा आवाज हवा, हा त्याचा हट्ट होता. कारण ती ऊब आवाज चढल्याखेरीज येत नव्हती. त्या तबकडीने पुढच्या वादकांना स्वराचा एक मानदंड दिला. पण तिच्यावरील पहिलेच गीत शिकागोच्या ओटिस रशचे आणि ‘हाइडअवे’ ही रचना फ्रेडी किंगची होती, हे ऋण विसरता येत नाही.

आज हा स्वर साधू पाहणारा नवखा वादक बहुधा खरखरीचे बटण शेवटपर्यंत फिरवतो आणि खर्ज वाढवतो. त्यातून ऊब येत नाही, चिखल होतो. जाणता वादक खर्ज आवरतो, मधले स्वर पुढे आणतो, मानेजवळचा पिकअप निवडून गिटारवरील टोन थोडा उतरवतो. मग हलका आघात स्वच्छ उमटेल आणि जोरकस आघात गुरगुरेल, अशा बिंदूवर तो ॲम्प्लिफायर आणून ठेवतो. तो बिंदू ओलांडला, की हलका आणि जोरकस हे दोन्ही आघात सारखेच ऐकू येतात आणि बोटांचे बोलणे संपते. ऊब खरखरीच्या प्रमाणात नसून हाताला मिळणाऱ्या या प्रतिसादात आहे.

म्हणूनच कोणाच्या तरी बटणांच्या जागा टिपून घेणे पुरेसे ठरत नाही. खोली बदलली, आवाज उतरवला, की त्याच जागा निराळे बोलतात. आता संगणकीय उपकरणे जुन्या ॲम्प्लिफायरची हुबेहूब वाटावी अशी नक्कल करतात, आणि शेजाऱ्याची झोप न मोडता तो स्वर घरात आणता येतो. ही सोय लहान नव्हे. परंतु शिकागोच्या त्या गोंगाटात वाजवणाऱ्याला काही सांगायचे होते आणि ते ऐकू जात नव्हते. यंत्राला त्याच्या मर्यादेपर्यंत नेण्याचे कारण ते होते. बटणे लावून झाल्यावर वादकाला स्वतःचे कारण शोधावेच लागते.