मोड

लहानपणी दुकानात धाडताना आजी दहाची नोट माझ्या मुठीत कोंबायची आणि बजावायची, "मोड नीट मोजून आण." मोड म्हणजे सुटे पैसे. नोट मोडणं तिच्या जिवावर यायचं. "अख्खी आहे तोवर घरात राहते. एकदा मोडली की तिला पाय फुटतात," म्हणायची.

तिचा हिशेब शेवटपर्यंत आण्यांत चालला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि रुपया शंभर नव्या पैशांत मोडू लागला. चार आण्यांचे बरोबर पंचवीस पैसे व्हायचे, पण सुट्या एका आण्याचे सव्वासहा. पाव पैसा आणायचा कुठून? मग सहाच धरायचे. म्हणजे सोळा आणे एकेक करून दिले, तर हाती शहाण्णवच पैसे. ते बुडालेले चार पैसे आजी कधी विसरली नाही. मोडताना काहीतरी गळतंच, हा पहिला धडा मला तिच्याकडून मिळाला.

दुसरा आईकडून. १९९० साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला चार दिवस उरले होते. आई मला घेऊन सराफाकडे गेली. पाटल्या मनगटात रुतून बसलेल्या. साबणाचं पाणी लावून निघाल्या. "मोडायच्यात," ती म्हणाली. सराफाने कसोटीवर रेघ ओढली, वजन केलं, डाकाची घट वजा केली. घडणावळीचे पैसे तर धरायचेच नसतात. घरी येईपर्यंत आई डाव्या हाताने उजवं मनगट धरून चालत होती.

त्या दिवशी ती 'विकायच्यात' म्हणाली नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आपल्याकडे दागिना विकत नाहीत, मोडतात. विकलेली वस्तू दुसऱ्याची होते, तिथे आपला संबंध संपतो. मोडलेली मात्र पुन्हा घडवायची राहते. मोडणे आणि घडवणे ही सराफाच्या पेढीवरची जोडीची क्रियापदं. पहिलं उच्चारताना बाई दुसऱ्याचा शब्द मनातल्या मनात देऊन टाकते.

पुढे बाबांच्या आजारपणात मुदतठेवीची पावती घेऊन बँकेत गेले. अर्जावर 'मुदतपूर्व परतफेड' असं छापलेलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी मात्र हळू आवाजात विचारलं, "मोडायचीय का?" पैसे जितके दिवस राहिले तितक्याच मुदतीचा दर मिळाला, त्यातूनही थोडी कपात झाली. सराफाची घट बँकेतही होतीच. पण त्या एका शब्दाने बाईंना माझ्या घरात काय चाललंय ते कळलं होतं. छापील शब्दाला ते कधी कळलं नसतं.

आज माझी लेक भाजीवाल्याला मोबाइलवरून नेमके अठ्ठेचाळीस रुपये पाठवते. मोड हा शब्द तिला मटकीपुरताच ठाऊक. तिची सोय मला समजते. पण अख्खं काहीतरी फुटतंय, ही मनगटाला कळणारी जाणीव त्या व्यवहारात उरत नाही, आणि ती उरावी असं मला कळकळीने वाटतं. ती असली की माणूस मोडण्याआधी थांबतो. आणि मोडलंच, तर घडवायचं लक्षात ठेवतो.

नोकरी लागल्यावर चौथ्या वर्षी मी आईला पाटल्या घडवल्या. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून जास्त, आताचा दहाचा. त्यामुळे दोन तोळे म्हणूनही या हलक्या भरल्या. आईने त्या हातात घातल्या, फिरवून पाहिल्या, एकदा डोळ्यांना लावल्या आणि काढून माझ्या हातात दिल्या.

"जपून ठेव," म्हणाली. "तुझ्या लेकराच्या वेळी मोडायला होतील."