केसांचा प्रश्न

आमच्या सदाशिव पेठेतील घरात गेल्या महिन्यात एक वाद उपस्थित झाला. नातीने महाविद्यालय सुरू होण्यापूर्वी केस कापून घेण्याचे ठरविले. चेहरा गोल, म्हणून केस एकाच लांबीचे न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी कापावयाचे. ह्यास हल्ली ‘लेअर’ म्हणतात. तिच्या आजीचे म्हणणे, असल्या केसांची वेणी कशी घालावयाची? सूनबाई मुलीच्या बाजूच्या, चिरंजीव तटस्थ. अखेर प्रकरण माझ्याकडे आले. मी मॅट्रिक झालेला, संस्कृत शिकविण्यात जन्म घालविलेला मास्तर. मला ह्यातले काय कळणार? पण निकाल मागितला म्हणजे मास्तर तो देतोच.

मी म्हणालो, “अगं, आपल्या कवींनी मुखाला चंद्राची उपमा दिली. त्यांना जे भूषण वाटले ते तू झाकावयास का निघालीस?”

“आजोबा, त्या कवींना स्वतःचा चेहरा आरशात पाहायचा नव्हता,” ती म्हणाली.

ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. शिवाय अमरकोश तिच्याच बाजूचा निघाला. कुरळ्या बटांना अलक, केशरचनेला कबरी, बांधलेल्या केसांना धम्मिल्ल, असे निरनिराळे शब्द ज्या भाषेने जपले, तिला हा विषय क्षुल्लक वाटला नसावा.

त्या रात्री मला माझी आजी आठवली. माझे वडील पाळण्यात असतानाच तिला वैधव्य आले. मी पाहिली ती आलवणातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली. ठराविक दिवसांनी न्हावी परसदारी येई आणि आम्हा मुलांना माजघरात कोंडले जाई. नवल हे की घरातल्या साऱ्या मुलींच्या वेण्या तीच घाली. तीन पेडांची, चार पेडांची, खोपा, आंबाडा. तिच्या हातून एकही बट सुटत नसे. मी एकदा विचारले, “आजी, तुझे केस कुठे गेले?” ती म्हणाली, “देवाला दिले हो,” आणि तिने पुढली वेणी घ्यावयास घेतली. ते तिने दिले नव्हते, तिच्याकडून घेतले होते, हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

आमच्या पुण्यास हे सांगणारे कोणी नव्हते असे नाही. १८८८ साली ‘सुधारक’ निघाला आणि आगरकरांनी केशवपनावर कठोर लेख लिहिले. १८९० साली मुंबईस नाभिकांनीच सभा भरवून विधवांच्या मस्तकाला वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. इतके होऊनही आमच्या परसदारी न्हावी येतच राहिला. सभेतला निश्चय माजघरापर्यंत पोचावयास कधी कधी दोन पिढ्या लागतात.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन नातीबरोबर गेलो. केस कापणाऱ्या बाई आपल्या विद्येत निपुण होत्या. त्यांनी समजावून सांगितले ते वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. गोल चेहरा गालांपाशी रुंद दिसतो. म्हणून पहिली पायरी गालांवर येऊ देऊ नये, ती हनुवटीच्या खाली असावी, म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी खाली उतरते आणि चेहरा लांबट भासतो. भांग मधोमध न पाडता किंचित बाजूला पाडावा. टाळूवर केस थोडे उचललेले असावेत. कपाळावर सरळ रेघेत झालर कापली, तर चेहरा अधिकच आखूड दिसतो. ओले केस वाळल्यावर वर चढतात, कुरळे तर फारच. तेव्हा आरंभी बोटभर अधिक राखावे. आणि ज्यांना वेणी घालावयाची आहे त्यांनी सर्वांत आखूड पायरीही खांद्याखालीच ठेवावी.

एवढे सांगून बाईंनी कात्री हातात घेतली आणि नातीला विचारले, “कुठवर कापू?”

मी बाकावर बसलो होतो. हा प्रश्न माझ्या आजीला कोणी विचारला नव्हता. नातीने क्षणभर विचार केला आणि खांद्याच्या किंचित खाली बोट ठेवले.

सायंकाळी तिच्या आजीने काही न बोलता तिला पुढ्यात बसविले आणि वेणी घातली. वेणी आली, दोन आखूड बटा मात्र कानांपाशी सुटल्या. त्या आत खोचाव्यात म्हणून आजीचा हात पुढे झाला, मग थांबला.

“राहू दे का गं ह्या?” तिने विचारले.