सत्तर फुटी नाव

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. आमच्या शाळेतली वर्गाची खोली वीस फूट लांब आहे. अशा साडेतीन खोल्या एकीपुढे एक लावा. रुंदी मात्र सात फूटच ठेवा. आता हे सगळं पाण्यात सोडा, अगदी मागच्या टोकाला उभे राहा आणि चालवा! ब्रेक नाही. गोल चाक नाही. हातात फक्त एक वाकडा दांडा. ओळखा पाहू काय ते?

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या ताईकडे इंग्लंडला, बर्मिंगहॅमला गेले होते. तिच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांच्याकडे मोटारगाडी आहे, पण त्यांचा सगळा जीव आहे तो कालव्यातल्या एका जुन्या नावेत. त्या नावेतून मी एक दिवस हिंडले. थोडी चालवलीसुद्धा. माझी फजितीही झाली, ती पुढे सांगते.

आपल्याकडे कालवा म्हटलं की उसाला, गव्हाला पाणी, एवढंच डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडमधले हे कालवे मात्र माल वाहून नेण्यासाठी खोदलेले. खडबडीत रस्त्यावरून एक घोडा गाडीत टन-दोन टन माल ओढायचा. तोच घोडा काठावरून चालत पाण्यातली पंचवीस-तीस टनांची नाव ओढून न्यायचा! 1761 साली ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरला कोळसा येऊ लागला, तेव्हा तिथे कोळशाचा भाव निम्म्यावर आला म्हणतात. मग काय, जो तो कालवे खोदायला लागला. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने पुढच्या कालव्यावर सात फुटी नावा जातील एवढेच अरुंद दरवाजे बांधले, आणि हजारो नावांची रुंदी कायमची ठरून गेली.

आजोबांची नाव 1936 सालची. तोवर घोडे जाऊन डिझेल इंजिनं येऊ लागली होती. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या मधल्या ग्रँड युनियन कालव्यासाठी तेव्हा पुष्कळ नव्या लोखंडी नावा बांधून घेतल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच लंडनजवळ वुलिचला हारलँड अँड वुल्फ या कंपनीने बांधल्या. टायटॅनिक बांधणारी कंपनी तीच बरं का! या नावांच्या एका जातीत प्रत्येक नावेला एकेका गावाचं नाव होतं. म्हणजे नावेचं नाव गावाचं. म्हणून बघा भरभर!

आम्ही निघालो ते हॅटन गावाच्या वरच्या अंगाने. इंजिन टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌ करत होतं. वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा. ताशी चार मैलांच्या वर जायचंच नाही, तसा नियमच आहे, कारण लाटांनी काठ ढासळतात. काठाला बांधलेल्या होड्यांजवळून तर आणखी हळू, नाहीतर त्यांचे दोर ताणून खुंट्या उपटतात.

आजोबांनी दांडा माझ्या हातात दिला. दांडा उजवीकडे ढकलला की नावेचं नाक डावीकडे वळतं! त्यातून नाव वळते ती मधल्या भागाभोवती. नाक डावीकडे गेलं की तुमच्या पायाखालचं शेपूट उजवीकडे जातं. दांडा हलवल्यावर सत्तर फुटांवरचं नाक वळायला वेळ लागतो, आणि तोवर आपण घाबरून दांडा आणखी ढकलतो. मग नाव वळते ती वळतच राहते.

समोरून एक होडी आली. इंग्लंडमध्ये रस्त्यावर आपल्यासारखंच डावीकडून चालतात, पण कालव्यात उजवीकडून. मी घाईघाईने उजव्या काठाकडे गेले आणि... खर्रर्र! थांबलोच. कालव्याचा तळ बशीसारखा असतो, मध्ये खोल नि काठाला उथळ. सहलीच्या नव्या होड्या काठाजवळूनही सहज जातात, पण या जुन्या नावेचं बूड जवळजवळ तीन फूट पाण्यात असतं. आम्ही गाळात रुतलो. आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी इंजिन उलटं फिरवलं. नाव हलेना. मग टपावरचा लांबलचक लाकडी वासा काढला, काठाला टेकवला आणि अंगाचा भार टाकला. दहा मिनिटांनी सुटलो. मी वर्गात छड्यांशिवाय शिकवते, पण त्या दिवशी मलाच कुणीतरी छडी मारावी असं वाटलं.

पुढे हॅटनचे लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन बाजूंना दरवाजे असलेला हौद. नाव आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, हँडल फिरवून पुढच्या झडपा उघडायच्या, की पाणी खाली निघून जातं आणि नाव अलगद खाली उतरते. मग पुढचे दरवाजे उघडायचे. हॅटनला अशा 21 पायऱ्या आहेत, साधारण दोन मैलांत! 1934 साली इथे रुंद लॉक बांधले, दोन नावा शेजारी-शेजारी मावतात. पाणी वाचावं म्हणून लोक जोडी जमवूनच उतरतात.

इथे मात्र आजोबांचा चेहरा बदलला. लॉकच्या मागच्या दरवाजाशी पाण्याखाली एक उंबरा असतो. उतरताना नावेचं शेपूट त्या उंबऱ्यावर अडकलं तर पाण्याबरोबर नाक खाली जातं, शेपूट वरच राहतं, आणि बघता बघता नाव बुडते. म्हणून काठावर पांढरी रेघ काढलेली असते. तिच्या पुढेच थांबायचं आणि डोळा हलवायचा नाही. आजोबांची बारा वर्षांची नात झडपेशी उभी होती. तिची नजर त्या रेघेवरून एकदाही हलली नाही.

मध्ये चहाला थांबलो तेव्हा मागची खोली बघितली. जेमतेम दहा फूट लांब. कोळशाची शेगडी, कपाटाचं दार खाली पाडलं की टेबल, दुसरं दार पाडलं की पलंग. भिंतीभर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. एवढ्याशा खोलीत अख्खं कुटुंब राहायचं! बहुतेक नावा जोडीने चालत. पुढची इंजिनाची, तिच्यामागे ओढलेली बिनइंजिनाची. पुढच्या नावेवर वडील, मागच्या नावेच्या सुकाणूवर आई. मुलं पेटीवर उभी राहून दांडा धरत. तान्ही लेकरं पाण्यात पडू नयेत म्हणून त्यांना टपावरच दोरीने बांधत.

आणि शाळा? 1877 साली तिथे कायदा झाला. खोलीत किती माणसं राहावीत ते ठरलं, मुलांच्या शिक्षणाचाही विचार झाला. पण नाव एका गावात थांबेल तेव्हा ना! आज इथे अर्धा दिवस, उद्या पुढच्या गावी. कितीतरी मुलं अक्षर न शिकताच मोठी झाली. मी बीड जिल्ह्यात शिकवते. दिवाळीच्या सुमारास आमच्या हजेरीपटावरची काही नावं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परत येतात. त्या खोलीत बसले आणि मला तीच नावं आठवली.

1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले. माल रस्त्याने जाऊ लागला तो पुन्हा फारसा परतलाच नाही. पुष्कळ नावा तोडल्या, काही बुडवल्या. काही मात्र हौशी लोकांनी विकत घेतल्या. आजोबा त्यांतले एक. हौस म्हणावं तर महागाची! दर दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून बूड खरवडून डांबर फासावं लागतं. झिजलेला तळाचा पत्रा त्यांनी सगळाच्या सगळा बदलला आहे. पुष्कळांनी माल ठेवायच्या जागेवर खोल्या बांधून घर केलं. आजोबांनी ती जागा तशीच ठेवली, वर ताडपत्री. मित्राच्या नावेतून हिवाळ्यात कोळसा विकतात, तेव्हा हेही मदतीला जातात. मला वाटतं, घर केलं असतं तर त्यांची कंबर जरा कमी दुखली असती!

पण चालवायला शिकवलं कुणी? नावेवरच जन्मलेल्या एका बाईने. तिला वाचता येत नव्हतं. कुठल्या पुलाखाली गाळ, कुठे वारा नाव ढकलतो, कुठल्या दरवाजाला गळती, सगळं तिच्या हातांत. ती बोलायची आणि आजोबा वहीत लिहायचे. पन्नास वर्षांत तीन वह्या भरल्या. आता नात लिहिते.

शेवटच्या लॉकला आजोबांनी एक पेटी सरकवली. तीवर उभी राहून नातीने दांडा धरला आणि शेजारच्या नावेपासून वीतभर अंतर ठेवून सत्तर फुटी नाव आत आणली. आजोबा काठावर हँडल घेऊन उभे होते, पण तिच्याकडे बघत नव्हते.

संध्याकाळी तिने वही उघडली. मी डोकावले. त्या दिवसाची नोंद होती : हॅटनच्या वर, पुलानंतर, उजवा काठ उथळ. भारतातल्या एक बाई इथे रुतल्या.