दोन डोसांमधले दिवस

स्तनातील गाठीचा तुकडा तपासून आला, निदान ठरले आणि छत्रपती संभाजीनगरच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयाने उपचारांचा आराखडा आखून दिला, की आता सारे डॉक्टरांच्या हाती गेले, असा समज आमच्या परभणी जिल्ह्यात सार्वत्रिक आहे. परंतु मार्गदर्शक परिचारिकेचे काम नेमके तेथूनच सुरू होते, कारण बहुधा 21 दिवसांच्या अंतराने मिळणाऱ्या केमोच्या दोन डोसांमधला काळ रुग्ण काढतो तो पालम-सोनपेठकडच्या आपल्या घरी.

माझ्या वहीत औषधांपेक्षा कागदांच्याच नोंदी अधिक. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी शिधापत्रिकेवरचे व आधारवरचे नाव जुळावे लागते, आणि कित्येक सुनांचे नाव एका कागदावर माहेरचे, तर दुसऱ्यावर सासरचे असते. तेव्हा तहसील कचेरीची फेरी, रेल्वे सवलतीच्या नमुन्यावर डॉक्टरांची सही, देवगिरी एक्स्प्रेसचे आरक्षण आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरण्याची तजवीज, हा क्रम बिनचूक लागला नाही, तर डोसाची तारीख हुकते. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा हुकलेली तारीख आणखी पुढे ढकलण्यास घरातले कोणी फारसे कचरत नाही. (हे मी तक्रारीने लिहीत नाही, वेचणीवरच त्या घराचे वर्ष निघते.)

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी 1990 साली गरीब रुग्णांसाठी अशा मार्गदर्शनाची योजना सुरू केली, तेव्हा त्यांच्यापुढेही पैसा, कागदपत्रे आणि भीती हेच अडथळे होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सहकार्याने 'केवट' हा अभ्यासक्रम काढला, ही समाधानाची गोष्ट. मात्र अशी शिकलेली माणसे तालुक्याच्या गावीही हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वाधिक घटतात, म्हणून दहाव्या दिवशीचा माझा दूरध्वनी सहसा चुकत नाही. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला आमच्याकडे "बरं हाय" याखेरीज उत्तर मिळत नाही, सबब मी विचारते, "मावशी, काल भाकरी किती खाल्ली?" "भाकर टोचती बाई, दूधभातच खाल्ला," एवढे कानी पडले, की तोंड आले आहे हे समजते, मग मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगायच्या, तिखट काही दिवस बंद करायला लावायचे, आणि थर्मामीटर लावून त्यावरचा आकडा मुलाकडून वाचून घ्यायचा, कारण "अंग जरा कोमट आहे" या शब्दांवर विसंबणे धोक्याचे असते.

ज्यांच्या घरी केमो चालू आहे, त्यांना एकच विनंती: ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी जवळचे मोठे रुग्णालय गाठा आणि केमो चालू असल्याचे दारातच सांगा.